शाहू मिल, तालमी आणि आजची कला

ब्रिटिश कलावंत जेरेमी डेलर यांनी 1997 मध्ये कारखान्यातून घडलेल्या एका पितळी वाद्यांच्या बँडकडून तरुणांच्या क्लबांमधले अ‍ॅसिड हाउस संगीत वाजवून घेतले. पुढे 2001 साली त्यांनी इंग्लंडमधील ऑरग्रीव्ह येथे 1984 च्या खाणकामगार संपातील पोलिसांशी झालेला संघर्ष पुन्हा उभा केला, तेव्हा मूळ संपातले अनेक कामगार स्वतः त्यात उतरले. कामगार तिथे चित्राचा विषय नव्हता, तो कलाकृतीचा कर्ता होता.

आपले कोल्हापूर स्वतःला कलापूर म्हणवते आणि आबालाल रहिमान यांच्यापासूनच्या निसर्गचित्रणाचा मलाही मनापासून अभिमान आहे. तरीही रंकाळा आणि पंचगंगेचा घाट पुन्हा पुन्हा रंगवला जात असताना, राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये स्थापन केलेली आणि 2003 मध्ये बंद पडलेली शाहू मिल आमच्या प्रदर्शनांत फारशी दिसत नाही, याचे मला वाईट वाटते. उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीचेही, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांचेही, तेच. वास्तविक चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी आपला चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतः, सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन, यंत्रावर घडवला होता. या शहरात कुंचला आणि लेथ कधीकाळी एकाच माणसाच्या हातात होते.

तालमींकडे पाहा. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या या संस्थांनी फुटबॉल आपलासा केला, आणि सामन्यांच्या हंगामात पेठेपेठेतल्या भिंती संघाच्या रंगांत न्हाऊन निघतात, हलगी-घुमके कडाडते, विश्वचषकाच्या वेळी तर चौकाचौकांत परदेशी खेळाडूंचे अजस्र कटआउट उभे राहतात. ही सगळी दृश्यकला आहे, असे माझे ठाम मत आहे, मग कलामहाविद्यालयांनी तिला तसे नाव दिलेले असो वा नसो. तिच्यातली ईर्ष्या आणि हुल्लडबाजीही कलावंताने झाकू नये, कारण त्यांशिवाय पेठांचे चित्र खोटे ठरेल.

म्हणूनच शाहू मिलच्या जागेवरील शाहू महाराजांच्या स्मारकाचा विचार करताना केवळ पुतळा, कारंजे आणि बागेवर समाधान मानू नये. कातण खात्यातल्या आणि सांच्यांवरच्या, म्हणजे मागांवरच्या, हयात कामगारांच्या आठवणी आत्ताच ध्वनिमुद्रित कराव्यात, कारण ती माणसे आता वयस्कर झाली आहेत. तरुण शिल्पकार, उद्यमनगरातले ओतकाम करणारे कारागीर आणि पेठांतले भिंती रंगवणारे यांना एकत्र काम द्यावे, सर्वांना योग्य मानधन मिळावे आणि फलकावर कारागिरांची नावे कलावंतांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत असावीत.