वृंदावनच्या विधवांवरचा तो फॉरवर्ड खोटा आहे, आणि त्यातला सल्ला तर घातक

परवा मावशीचा फोन आला, "अगं, शेत पोरांच्या नावावर करून टाकू का? मोकळी होते एकदाची." काका जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. हे तिच्या डोक्यात कुठून आलं, तर नातेवाइकांच्या ग्रुपवरच्या एका फॉरवर्डमधून. त्यात लिहिलंय की वृंदावन-काशीतल्या विधवांना कुणी टाकलेलं नाही, त्या स्वखुशीने भक्तीसाठी जातात, विधवांचा छळ ही इंग्रजांनी पसरवलेली बदनामी आहे, आता पेन्शन मिळते त्यामुळे कुणी निराधार नाही, आणि शेवटी उपदेश, की नवरा गेल्यावर शहाण्या बाईने घर-जमीन मुलांच्या नावे करून नामस्मरणात रमावं. हे वाचून माझं डोकंच फिरलं.

स्वखुशीचं बघू आधी. काहीजणी खरंच ओढीने जातात, मान्य, त्यांच्या भक्तीवर मी बोलणार नाही. पण मग २००७ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका का करावी लागली? राष्ट्रीय महिला आयोगाने तिथल्या निराधार बायकांचा अभ्यास केला, २०१२ मध्ये तर कोर्टाला सांगावं लागलं की यांचे अंत्यसंस्कार तरी नीट करा, आणि ११ ऑगस्ट २०१७ ला न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांनी या विधवांच्या प्रश्नावर समिती नेमली. भजनाश्रमात तासन्‌तास भजन म्हणायचं तेव्हा थोडे पैसे नि शिधा हातात पडणार, नाहीतर देवळाच्या दारात बसायचं, हे म्हातारपण कोण स्वखुशीने निवडेल? यातल्या कितीतरी बंगालमधून आलेल्या. तिथे दायभाग या जुन्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगा नसलेल्या विधवेला एकत्र कुटुंबातही नवऱ्याचा हिस्सा मिळायचा, म्हणजे ती घरात राहिली की दिरांचा वाटा कमी. तिला तीर्थाला पाठवण्यामागे हे एक मोठं कारण होतं.

इंग्रजांचं म्हणाल तर गरोदर राहिलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढणारे जोतिबा-सावित्रीबाई इथलेच, विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून १८९० मध्ये संप करणारे मुंबईचे नाभिकही इथलेच. आणि हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडला २०२२ मध्ये, होय २०२२ मध्ये, बांगड्या फोडणं नि कुंकू पुसणं बंद करायचा ठराव ग्रामसभेत घ्यावा लागला.

पेन्शन आहे, हे खरं. केंद्राचे महिन्याला ३०० रुपये, तेही दारिद्र्यरेषेखालच्या आणि चाळिशी गाठलेल्या बाईला. आपल्याकडे संजय गांधी निराधारचे १५००. यात औषधं आणायची की घरभाडं भरायचं?

आता तो उपदेश. बाकीचं सगळं याच्यासाठीच रचलंय असं मला वाटतं. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या स्वतःच्या मालमत्तेत बायकोला मुलगा, मुलगी आणि सासू यांच्या बरोबरीचा हिस्सा मिळतो, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, आणि तो नुसता हयातीपुरता वापरायला नाही तर पूर्ण मालकीचा. त्याच्या आधी १९३७ चा कायदा होता त्यात फक्त जिवंत असेपर्यंतचा हक्क होता, म्हणजे ही मालकी किती उशिरा मिळाली बघा, आणि ती आपण तेराव्याच्या गडबडीत, डोळे रडून सुजलेले असताना, कुणीतरी पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर सही करून सोडून देतो! मुलं चांगली असतील, असूदेत की. आईचं नाव सातबाऱ्यावर राहिलं म्हणून चांगल्या मुलाचं काही बिघडत नाही. आधी तलाठ्याकडे वारस नोंद करून घ्यायची, घर आणि बँकेचे कागद स्वतःच्या ताब्यात ठेवायचे, आणि सहीची घाई करणाऱ्याला सरळ नाही म्हणायचं, मग तो सख्खा भाऊ का असेना.

ज्यांची सही आधीच झालीय आणि वय साठच्या वर आहे त्यांच्यासाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. बक्षीसपत्र, म्हणजे पैसे न घेता मालमत्ता देऊन टाकल्याचा कागद, सांभाळायच्या अटीवर दिलेलं असेल आणि मुलगा सांभाळत नसेल तर ते रद्द करून घेता येतं. अट नसली तरी निर्वाहखर्च मागता येतो, अर्ज प्रांत ऑफिसला करायचा. आणि ज्याच्यावर सांभाळायची जबाबदारी आहे त्याने म्हाताऱ्या आईला कुठेतरी नेऊन सोडून दिलं तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, वृंदावनात सोडलं तरीही.