दिरानंच मारलंय!

परवा शुक्रवारी त्या मालिकेचा शेवटचा भाग झाला आणि खुनी दीर निघाला. मला हे पावसाळ्याच्या आधीपासून माहीत होतं. मला म्हणजे आख्ख्या गिरणीला.

आठवड्याला एकच भाग. कोकणातला वाडा, विषानं मेलेली थोरली सून आणि घरभर संशयित. (हे खून नेहमी कोकणातच का होतात? आमच्या सांगलीत करून बघावा कुणी. सकाळी दहाच्या आत कापड पेठेत खुन्याच्या आजोळापर्यंतची माहिती मिळेल. रहस्य टिकायला गावात थोडी तरी बेपर्वाई लागते.) वीजबिलाची तारीख मी विसरलो, पण विषाची बाटली कुठल्या भागात कुठल्या फडताळात होती ते तोंडपाठ होतं.

अशात एका शनिवारी शाळू दळायला गेलो. गिरणीवालाही याच नादातला. पट्टा चालू असताना गिरणीत कुजबुजता येत नाही, म्हणून आम्ही दोघं रहस्याची चर्चा बोंबलून करत होतो. बाजूला मांडीवर डबा घेऊन एक आजी बसलेल्या. डब्यात भाजणी. ती सगळ्यात शेवटी दळतात, म्हणजे आजींना वेळच वेळ.

"कोण मेलंय?"

"कुणी नाही आजी, मालिकेत."

"व्हय, पर कोण?"

"थोरली सून."

"पोरंबाळं?"

"नाहीत."

"जमीन किती हाय?"

हा प्रश्न मालिकेतल्या इन्स्पेक्टरला चौथ्या भागात सुचला होता. मी म्हटलं, आंब्याची बाग आहे.

"आन् त्यो घाऱ्या डोळ्यांचा कोण झालाय? जाहिरातीत मागं बसलेला दिसतोय बघा."

"तो दीर. त्याला काही काम नाही ओ. नुसता पेपर वाचतो."

खोटी नोट खपवायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं आजींनी माझ्याकडं बघितलं. "एवढा नावाजलेला नट पैसे मोजून पेपर वाचायला बसवलाय व्हय? त्यानंच मारलंय."

मालिकेचा एकही भाग न बघता! मी तापलो. दीर त्या रात्री रत्नागिरीत होता, हॉटेलची पावती आहे, मॅनेजरची साक्ष आहे, सगळं ओरडून सांगितलं. आजी माझ्यावर ताण करत कडाडल्या, "पावतीचं काय सांगायलाय! आमचा नातू कसल्याबी पावत्या आणतोय! दिरानंच मारलंय!"

नेमकी तेवढ्यात लाईट गेली. पट्टा थांबला आणि शेवटचे दोन शब्द कोऱ्या करकरीत शांततेत गल्लीभर गेले. समोरच्या इस्त्रीवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "कुणाच्या ओ?"

त्यानंतर मी मालिका बघितली असं म्हणवत नाही. दीर पान उलटायचा आणि मी त्याच्या बोटांकडं बघत बसायचो.

1980 साली अमेरिकेतल्या 'डलास' मालिकेत जे. आर. नावाच्या तेलसम्राटाला मार्चमध्ये गोळी लागली आणि ती कुणी घातली हे नोव्हेंबरमध्ये कळलं. मधे कलाकारांचा संप झाला, म्हणून वाट आणखी लांबली. लोकांनी पैजा लावल्या. निघाली कोण? मेव्हणी! आमच्या आजींना कुणी विचारलं असतं, तर मार्चमध्येच निकाल लागून माणसं कामाला लागली असती.

पण मालिकावाल्यांचाही मला राग आहेच. सुरुवातीला मागच्या भागात काय झालं, शेवटी पुढच्या भागात काय होणार, मधे बनियन आणि गुळगुळीत फरशीच्या जाहिराती. यातून जो भाग उरतो त्यात कुणीतरी जिना चढतं. आम्ही आठवडाभर जीव टांगणीला लावायचा तो या जिन्यासाठी? 1993 सालचा दूरदर्शनचा ब्योमकेश बक्षी बहुतेक गोष्टी एका बैठकीत उलगडायचा, फार तर दोन. त्याला काय जिने नव्हते? आणि परवा खुनी सापडल्यावर इन्स्पेक्टरच्या फोनवर नवीन प्रेताची बातमी. म्हणजे दुसरं पर्व आलंच.

शनिवारी आजी गिरणीत होत्याच. मला बघून बोलल्या काहीच नाहीत, नुसता डबा सरकवून बसायला जागा केली. ते फार लागलं. आता मी दळण विश्रामबागला नेतो. तिथं पीठ जाड येतं, भाकरी थापताना कडा चिरतात. एवढ्या लांब का जाता, असं बायकोनं विचारलं. तिथली गिरणी शांत आहे म्हटलं. शांत गिरणी ऐकल्यापासून ती माझ्या खिशातल्या पेट्रोलच्या पावत्या बघायला लागली आहे.