संरक्षित उड्डाण

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात संक्रांतीला बायका वाण लुटतात, पोरे पतंग उडवतात आणि माझ्यासारखे लोक खाली उभे राहून "तारेपासून दूर व्हा रे!" असे ओरडतात. या ओरडण्याच्या खात्यात माझी तीस वर्षे निष्कलंक सेवा झाली आहे. यंदा मात्र नातवाने चारचौघांत "आबा, तुमाले सोताले येते का पतंग उडवता?" असे विचारल्यामुळे मला मैदानात उतरावे लागले.

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 रोजी देशभर बंदी घातली आहे, हे मी दुकानदाराला तारखेसह ऐकवले. त्याने काहीएक न बोलता गोधडी शिवायला चालेल अशा सुती दोऱ्याची चक्री पुढे केली आणि हे गिऱ्हाईक दाखवण्यासाठी आतून बायकोला बोलावले.

खरी अडचण जागेची होती. आमच्या स्लॅबला कठडा नाही. आहेत त्या केवळ पुढेमागे वरचा मजला चढेल या आशेने उभ्या ठेवलेल्या गंजक्या सळया. पतंग उडवणारा मनुष्य नजर वर ठेवून पावले मागे टाकीत असतो आणि त्याला स्लॅब कोठे संपतो हे संपल्यावरच कळते. रस्त्यावर उडवावा तर दुचाकीवाल्यांच्या गळ्यांची काळजी. वावरात जावे, तर 11 हजार व्होल्टची वाहिनी नेमकी आमच्याच धुऱ्यावरून गेलेली. सकाळ-संध्याकाळ पाखरांची ये-जा असते, म्हणून त्याही वेळा बाद. शेवटी भर दुपारचे आखर, म्हणजे गावची ढोरे जमतात ती मोकळी जागा, तेवढे उरले. ढोरे सकाळीच चरायला गेलेली असली, तरी आपल्या हजेरीची पोच जमिनीवर जागोजागी ठेवून गेली होती.

बोटांना चिकटपट्टी, डोळ्यांना गॉगल आणि गळ्याला दुपट्टा अशा थाटात मी निघालो, तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "काहो, फवारणीले चालले का?"

आखरावर मी मूठभर माती उधळून वाऱ्याचा अंदाज घेतला. ती सगळी माझ्याच तोंडावर आली, त्यावरून वारा समोरून आहे हे निश्चित झाले. वारा पाठीवर घ्यावयाचा असतो, म्हणून मी वळून उभा राहिलो. नातवाने पन्नास पावले पुढे जाऊन पतंग डोक्यावर धरला आणि सोडला. पतंग दोन पुरुष वर चढला, उजवीकडे गिरक्या घेतल्या आणि ढोरांनी ठेवलेल्या पोचेवर नाक खुपसून पडला. हे तीनदा झाले, आणि तिन्ही वेळा पोच वेगळी होती.

तेवढ्यात दहा-बारा वर्षांचा एक पोरगा, बोरे खात, जवळ आला. त्याने पतंग कन्नीला, म्हणजे चक्रीचा दोरा जिला जोडतात त्या पतंगावरच्या दोरीला, धरून उचलला, एक डोळा मिटून पाहिले आणि निदान केले, "उजवीकडं भारी हाय." मग माझी परवानगी न विचारता त्याने दुपट्ट्याची बोटभर चिंधी फाडून कमानीच्या डाव्या टोकाला बांधली, आणि कन्नीची गाठ सोडून अर्धा इंच वर घेतली. पतंग सरळ चढला. दोरा बोटाखालून सरसरत जाऊ लागला, वर गेलेल्या त्या कागदाची ओढ तळहातात जाणवू लागली आणि मी, साठीचा माणूस, तोंड उघडे टाकून हसू लागलो.

"ढील द्या, आबा, ढील!" नातू ओरडला. मी घाबरून खेचले. दुसऱ्या कोणाचा तरी मांजा आडवा आला, हातातली ओढ एकाएकी नाहीशी झाली आणि चहूकडून "ओ काट!" उठले. पतंग डुलत डुलत धुऱ्यावरच्या वाहिनीकडे निघाला आणि त्यामागे गावची सगळी पोरे. तेव्हा चक्री टाकून मी माझ्या मूळ खात्यात रुजू झालो आणि तीस वर्षांच्या अनुभवाने गरजलो, "तारेपासून दूर व्हा रे! अडकला तर काढू नका!"

नशिबाने तो तारेच्या अलीकडेच, तुरीत उतरला. थोड्या वेळाने तोच बोरेवाला पोरगा पतंग घेऊन आला. कटलेला पतंग ज्याला सापडेल त्याचा, हा आमच्या गावचा कायदा असल्यामुळे मी मुकाट्याने किंमत विचारली.

"पाच रुपये," तो म्हणाला, "आन् कन्नीचे दोन अलग."