कोण, कुठे, का

वही कट्ट्यावर नेऊ नये हे मला चांगलं ठाऊक होतं. पण आभाळ भरून आलं, छत्री काढायला पिशवी उघडली आणि वही बाहेर डोकावली. वकिलाने ती छत्रीच्या आधी उचलली.

वकील हा वकील नाही. एका कंपनीत हिशेब लिहितो. पण वाद घालताना समोरच्याला पिंजऱ्यात उभा करतो, म्हणून नाव पडलं. मास्तर मात्र खरेच मास्तर, तीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झालेले. धाकटी ग्रंथालयात कामाला आहे आणि आमच्यात चाळिशीच्या आतली ती एकटीच.

"सुविचारांची वही!" वकील ओरडला. "या वयात?"

"सुविचार नाहीत ते," मी म्हटलं. "आवडलेली वाक्यं आहेत."

"तेच ते." त्याने मधलंच पान उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला. 'तुझं म्हणणं मला मान्य नाही, पण ते म्हणण्याचा तुझा हक्क मी मरेपर्यंत जपेन.' खाली मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, व्हॉल्टेअर.

"व्हॉल्टेअरचं नाही ते," धाकटी म्हणाली. मोबाइलवरून नजरसुद्धा वर न उचलता.

मला वाटलं, चेष्टा करते आहे. पण तिने सगळं सांगितलं. इव्हलिन बीट्रिस हॉल नावाच्या इंग्रज लेखिकेने १९०६ साली व्हॉल्टेअर या फ्रेंच लेखकाच्या मित्रमंडळींवर एक पुस्तक लिहिलं. त्या मंडळींतल्या एल्वेसियस या तत्त्वज्ञाचं पुस्तक फ्रान्समध्ये जाळलं गेलं होतं. त्या प्रसंगी व्हॉल्टेअरची भूमिका काय होती, ते सांगताना बाईंनी आपल्या शब्दांत हे वाक्य रचलं. त्याला अवतरणचिन्हं लागली आणि लोकांनी ते व्हॉल्टेअरच्या तोंडी घालून टाकलं. तो तर १७७८ मध्येच वारला होता. म्हणजे त्याचं सर्वांत प्रसिद्ध वाक्य त्याच्यानंतर १२८ वर्षांनी जन्माला आलं. त्यात पुन्हा बाईंनी पुस्तक लिहिलं एस. जी. टॅलेंटायर या टोपणनावाने. पुस्तकावर स्वतःचं नाव नव्हतंच, वाक्यावरूनही गेलं.

मी पेन काढून 'व्हॉल्टेअर'वर काट मारणार, तेवढ्यात वकिलाने वही मागे ओढली.

"राहू दे रे. काय बिघडलं? विचार चांगला आहे ना? औषध लागू पडल्यावर बाटलीवरची चिठ्ठी कोण वाचत बसतं?"

"चिठ्ठी औषध घ्यायच्या आधी वाचतात," मास्तर म्हणाले.

इथून पुढे पाऊण तास गेला. वकिलाचं म्हणणं साधं होतं. वाक्य एकदा तोंडातून सुटलं की ते सगळ्यांचं. म्हणी कुणी रचल्या ते कुणाला ठाऊक आहे? म्हणून त्या वापरायच्या थांबलो का आपण? मोठ्या माणसाचं नाव खाली टाकलं की लोक निदान वाचतात तरी.

"हां, हीच खरी गोम," धाकटीने मोबाइल ठेवून दिला. "म्हणीखाली कुणी नाव टाकत नाही, त्यामुळे म्हण खोटं बोलत नाही. तुम्ही नाव टाकता, कारण वाक्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येणार नाही अशी धास्ती असते. मग एखादा भारदस्त खांदा शोधायचा." तिने गांधीजींचं उदाहरण दिलं. जगात जो बदल बघायचाय तो आधी तुम्ही स्वतः व्हा, हे त्यांच्या नावावर फिरणारं वाक्य. त्यांच्या समग्र लेखनाचे इंग्रजीत १०० खंड आहेत आणि या घडणीचं वाक्य त्यांत सापडत नाही. जवळ जाणारा एक उतारा सापडतो, १९१३ सालचा, दक्षिण आफ्रिकेत असतानाचा. त्याचा आशय असा की माणूस स्वतःचा स्वभाव बदलतो तसा जगाचा त्याच्याकडे बघण्याचा रोखही बदलतो, दुसरे काय करतात याची वाट बघत बसायचं कारण नाही.

"बघ, आशय तोच!" वकील.

"कुठे तोच? मूळ उताऱ्यात एक माणूस आपल्यापुरतं काहीतरी समजून घेतोय. तुमच्या वाक्यात तो दुसऱ्याला हुकूम सोडतोय. लांब होतं तेव्हा त्यात विचार होता, आखूड केल्यावर घोषणा उरली."

मला हे फार पटलं. माझ्या वहीतली निम्मी पानं अशा आखूड केलेल्या वाक्यांचीच आहेत, हेही त्याच वेळी जाणवलं. ते मी बोललो नाही.

मास्तरांनी मग वकिलाला त्याच्याच धंद्यात गाठलं. "तुझ्या ऑफिसात कुणी बिनव्हाउचरची नोंद आणून दिली, तर मंजूर करशील?"

"अजिबात नाही."

"रक्कम बरोबर असली तरी?"

वकील गप्प झाला. हा प्रकार वर्षातून एखाद्या वेळी होतो, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

पण मास्तर स्वतःच लगेच दुसऱ्या बाजूला गेले. त्यांची ही जुनी खोड. जिंकलेला डाव मोडून टाकतात. म्हणाले, व्हाउचर हवं हे खरं, पण ते कायम मिळतं असं नाही, आणि मिळालं नाही म्हणून वाक्य टाकून द्यायचं नसतं. विद्याकर नावाचा एक बौद्ध भिक्षू बंगालमध्ये होऊन गेला, ११०० सालच्या आसपास. त्याने आवडलेल्या संस्कृत श्लोकांचा संग्रह केला. १७३८ श्लोक, ५० प्रकरणं, आणि प्रकरणाला नाव 'व्रज्या'. सुरुवात बुद्धापासून, पण पुढे शिव आहे, विष्णू आहे, ऋतू आहेत, शृंगार तर विचारू नका. आणि शेवटाकडे दैन्यावरचे श्लोक, एक पूर्ण व्रज्या. हा संग्रह कोसंबी आणि वा. वि. गोखले यांनी संपादून १९५७ साली हार्वर्डच्या ग्रंथमालेत काढला.

"कोसंबी म्हणजे ते गणितवाले?" वकील.

"तेच, दामोदर धर्मानंद. तर मुद्दा असा, की त्यात कित्येक श्लोकांखाली कवीचं नाव आहे आणि कित्येकांखाली नाही. नाव ठाऊक नाही म्हणून विद्याकराने श्लोक गाळला नाही आणि उगीच कालिदासाच्या गळ्यातही बांधला नाही. जागा मोकळी सोडली. मोकळी जागा सोडायला धैर्य लागतं."

"पण मास्तर," धाकटी म्हणाली, "एकाच श्लोकाखाली वेगवेगळ्या संग्रहांत वेगवेगळी नावं असतात, ते?"

"असतात ना! म्हणजे व्हॉटसॅप नसतानाही हे चाललंच होतं."

मग विषय वहीपेक्षा वहीवाल्याकडे वळला. वकिलाने विचारलं, तू या वहीचं पुढे करतोस काय? त्याच्या फोनमध्ये म्हणे अडीच हजार स्क्रीनशॉट आहेत. आवडलं की टिपायचं, पुन्हा बघायचं नाही. तुझं त्याहून वेगळं काय, तर तू हाताने लिहितोस एवढंच.

मला उत्तर सुचेना, तेव्हा मी लिश्टेनबर्गला पुढे केलं. (स्वतःचं उत्तर नसलं की दुसऱ्याला पुढे करायचं, वही बाळगणाऱ्यांची ही खोड.) अठराव्या शतकात जर्मनीत गटिंगेनला भौतिकशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. विजेच्या ठिणगीने धुळीवर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते, तिला आजही त्याचंच नाव आहे. आयुष्यभर तो वह्यांत काहीबाही लिहीत राहिला. ऐकलेलं, वाचलेलं, सुचलेलं, लोकांच्या लकबी, अर्धवट विनोद. त्याने म्हणून ठेवलंय की इंग्रज व्यापाऱ्यांची एक कच्ची वही असते. दिवसभरात जे घडेल ते त्यात तसंच्या तसं, काही क्रम न लावता. तिच्यावरून तारीखवार रोजकीर्द, आणि शेवटी खातेवार खतावणी. अभ्यासकांनीही असंच करावं.

"मग तुझी खतावणी कुठाय?" वकिलाचे डोळे चमकले. "कच्ची वही खतावली नाही तर ती रद्दी. हे मी तुला व्यवसायाने सांगतो."

"लिश्टेनबर्गनेही खतावली नाही. तो गेल्यावर लोकांनी कच्च्या वह्याच छापल्या आणि त्याही गाजल्या."

"तो लिश्टेनबर्ग होता!"

याला उत्तर नव्हतं. मी क्रम लावून बघितला होता, नाही असं नाही. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने टिपणवहीसाठी एक सूची सुचवली होती, १६८६ साली छापलेली. विषयाचं पहिलं अक्षर आणि त्यातला पहिला स्वर घ्यायचा, त्यावरून घर ठरवायचं. मराठीत म्हणजे आयती बाराखडीच. मी चौकटी आखल्या. 'कंटाळा' क-च्या घरात, 'काम' का-च्या, 'कुटुंब' कु-च्या. आठवड्याभरात लक्षात आलं, की आवडलेल्या वाक्याचा विषय कोणता हेच मला सांगता येत नाही. बसमध्ये एका लहान मुलाने आईला विचारलं होतं, 'आपण उतरल्यावर ही बस कुठे जाते?' हे कुठल्या घरात टाकू? प्रवास? बालपण? मृत्यू?

"हे कुठे आहे वहीत?" धाकटीने विचारलं.

माझी चूक झाली होती. वही मागून उलटी धरून मी रोजच्या कानावर पडलेल्या गोष्टी लिहितो. रांगेतली, जिन्यातली, दवाखान्याच्या बाकावरची बोलणी. पुढची बाजू थोरांची, मागची कुणाचीही. ही दुसरी बाजू मी कुणाला दाखवत नाही, आणि त्याला कारण होतं.

धाकटीने वही उलटी केली. दोन पानं शांतपणे वाचली. एक वाक्य मोठ्याने वाचलं: रांगेत माझ्या पुढच्या बाई फोनवर सांगत होत्या, 'मी पोचलेच', आणि आमची रांग अर्ध्या तासात हलली नव्हती. सगळे हसले. मग तिने पान उलटलं आणि म्हणाली, "इथे वकील आहेत."

वकिलाने वही जवळजवळ हिसकावली. नोंद अशी होती:

'पूर्वी फोन उचलला की "कोण?" विचारायचे. मग "कुठे आहेस?" विचारू लागले. आता फोन वाजला की "का केला असेल?" असं वाटतं. (वकील. पाऊस. दिवे गेलेले.)'

"हे मी कधी म्हटलं?" तो भडकला. "आणि विचारल्याशिवाय लिहितोस? म्हणजे आम्ही इथे गप्पा मारायच्या आणि तू फिर्याद नोंदवून घ्यायचीस?"

मी सारवासारव केली. पण त्याचं बोलणं अगदीच चूक नव्हतं. लिहिणारा एक जण मंडळीत आहे म्हटल्यावर माणसं जपून बोलायला लागतात, आणि जपून बोललेलं काही वहीत घेण्यासारखं नसतं. थोरांची वाक्यं उतरवताना हा प्रश्न येत नाही. ते कट्ट्यावर येऊन जाब विचारत नाहीत.

"थांबा," मास्तर म्हणाले. "'कोण' हे माझं आहे. घरात खुंटीला बांधलेला फोन होता तेव्हा पलीकडे कोण आहे हे आधी विचारावं लागायचं, हे मी सांगत होतो. मोबाइल आल्यावर नाव आधीच दिसायला लागलं आणि माणूस मात्र कुठेही असू शकत होता, म्हणून 'कुठे' आलं. ते वकिलाने जोडलं."

"आणि 'का'?" मी विचारलं.

"ते माझं," धाकटी म्हणाली. "मी म्हटलं होतं की आता सगळे आधी मेसेज करतात. न विचारता सरळ फोन आला तर छातीत धस्स होतं, काही झालं तर नाही ना. पण मी 'का केला' असं म्हटलं नव्हतं. 'काय झालं?' म्हटलं होतं. 'का' तुम्ही जुळवून घेतलंत. तीनही क-ने सुरू व्हावेत म्हणून."

"'काय'सुद्धा क-नेच सुरू होतं," मी म्हटलं.

"मग अक्षरं मोजली असतील."

मी आठवून बघितलं. मला खरोखरच 'का' ऐकू आलं होतं, असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण वही काही त्याच वेळी उघडली नव्हती. लिहिलं होतं घरी गेल्यावर, रात्री, मेणबत्तीत. शिवाय वकिलाचं नाव का टाकलं, तर सर्वांत मोठा आवाज त्याचा असतो म्हणून. चार माणसं, सगळी जिवंत, सगळी समोर बसलेली, जेमतेम दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि वाक्य कुणाचं हे ठरेना. हॉलबाईंना आणि व्हॉल्टेअरला मी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

"वाक्य म्हणून मात्र उत्तम जमलंय," मास्तर पुन्हा एकदा वाचून म्हणाले. "तीन पिढ्यांची टेलिफोनी तीन शब्दांत. फ्रान्समधला निबंधकार मोन्तेन होता ना, त्याने आपल्या ग्रंथालयाच्या छताच्या तुळयांवर आवडती वचनं रंगवून घेतली होती, ग्रीक आणि लॅटिन. मला तुळई असती तर हे लिहून घेतलं असतं."

"त्याने काही तुळयांवरची जुनी वचनं झाकून नवी रंगवली होती," धाकटीने जोड दिली. "खालची पुसट दिसतात म्हणे."

वकील जरा वेळ काहीच बोलला नाही. पावसाचे थेंब पडायला लागले होते. मग त्याने हात पुढे केला.

"पेन दे."

"खोडतोस की काय?"

"दे रे."

त्याने वही गुडघ्यावर घेतली, पानावर पाणी पडू नये म्हणून पाठ वाकवली, आणि बराच वेळ लिहीत बसला. परत दिली तेव्हा कंसातलं 'वकील' तसंच होतं, पण त्याच्याखाली ठसठशीत रेघ मारलेली. पुढे त्याच्या हिशेबी, तिरक्या अक्षरात: 'मधला भाग. बाकी दोघांची व्हाउचरं यायची आहेत.'

मास्तरांनी छत्री उघडली. धाकटी म्हणाली, "माझं 'काय' करून घ्या आधी."

ते अजून केलेलं नाही. 'का'च बरं वाटतं.