वजन उतरले नाही तरी

'व्यायाम करूनही वजन उतरले नाही, तर कर्करोगाच्या दृष्टीने त्याचा उपयोग नाही' हे लेखातील विधान मला मान्य नाही, आणि ते वाचून कोणी चालणे सोडले तर फार वाईट वाटेल. चरबीचा भाग लेखिकेने उत्तम मांडला आहे: रजोनिवृत्तीनंतर चरबीच्या पेशींमधील अ‍ॅरोमॅटेज हे विकर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार करीत राहते, म्हणूनच त्या वयातील जास्त वजन स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढवते. परंतु इन्सुलिनचा उल्लेखच नाही. काम करणारे स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतात, त्यानंतर बराच काळ ते इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात, आणि व्यायाम नियमित असेल तर पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या या संप्रेरकाची पातळी खाली येते. त्यासाठी वजनाचा काटा हलावाच लागतो असे नाही.

माझी आई रोज सकाळी तळजाईवर चालायला जाते. तिचे वजन जवळपास तेवढेच आहे, पण उपाशीपोटीची साखर आटोक्यात आली आहे. तिच्या बरोबरीच्या काही जणी मात्र 'काही फरक पडत नाही' म्हणून दोन महिन्यांत यायच्या थांबल्या. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, आणि ही शिफारस सर्व वजनांच्या लोकांसाठी आहे. लेखिकेने ते वाक्य दुरुस्त करावे, ही कळकळीची विनंती.