साडेनऊ शार्प

इंटरव्ह्यूच्या मेलमध्ये ठळक अक्षरात लिहिलं होतं, शनिवार, साडेनऊ शार्प. म्हणून बंदा साडेसातला चिंचवडहून निघाला. मोशी ते चाकणचा तळेगाव चौक हा ट्रॅफिकचा प्रकार ज्यांना माहीत आहे ते हसणार नाहीत. नऊला गेटवर हजर. आणि साहेबांनी आत घेतलं किती वाजता? पावणेदोनला!

बरं, गेटवरचा सोहळा. मोबाइलच्या कॅमेऱ्यांवर स्टिकर, पुढून एक, मागून एक. आधारची झेरॉक्स. मग सिक्युरिटीवाले काका माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "सेफ्टी शूज नाहीत?" काका, इंटरव्ह्यूला आलोय, पॉलिश मारून. शेवटी बुटांवर चढवायच्या त्या लोखंडी टोप्या दिल्या. खाड खाड वाजवत गेलो कुठे, तर ॲडमिन बिल्डिंगमध्ये. शॉप, म्हणजे जिथे मशिनं चालतात ते, सोडा, शॉपचा दरवाजाही दिसला नाही. साडेचार तास सोफ्यावर टोप्या घालून बसलो, काढाव्यात की नाही हेही कोणी सांगेना.

इंटरव्ह्यू किती वेळ? अकरा मिनिटं. मोजली मी.

समोर दोघं. एक लॅपटॉपमध्ये घुसलेला, दुसरे मॅनेजर. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हणाले आणि चहात मारी बुडवलं. मी आपला सांगतोय, सात वर्षं व्हेंडरकडे, वेल्ड शॉप क्वालिटी, पीपॅप (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायचे सोपस्कार), कस्टमर ऑडिट. तेवढ्यात बिस्किट तुटून चहात पडलं. माझ्या सात वर्षांपैकी साधारण चार वर्षं ते बोटाने बिस्किट काढत होते.

मग प्रश्न. "एफएमईएमध्ये ॲक्शन कधी घेणार?" एफएमईए म्हणजे काय काय बिघडू शकतं याचा आधीच मांडलेला हिशोब, आणि आरपीएन म्हणजे त्यातल्या तीन मार्कांचा गुणाकार. मी म्हटलं, सर, अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या 2019च्या एआयएजी-व्हीडीए हँडबुकपासून आरपीएन गेलं, आता ॲक्शन प्रायॉरिटी बघतात. साहेब हसले. कुत्सित. "आरपीएन शंभरच्या वर गेला की ॲक्शन. बेसिक आहे हे." अहो, त्यातच तर घोळ होता! ब्रेक फेल होण्याची सिव्हिरिटी (किती गंभीर) 10, ऑकरन्स (किती वेळा घडतं) 2, डिटेक्शन (पकडणं किती अवघड) 4, गुणाकार 80. दार खडखडतंय, 4 गुणिले 6 गुणिले 5, म्हणजे 120. मग काय, ब्रेक सोडून दाराला फेव्हिकॉल लावत बसायचं? हे मी तिथे बोललो नाही. "यस सर" म्हणालो. घरी येताना मोशीच्या सिग्नलला हेल्मेटच्या आत मोठ्याने बोललो, शेजारचा रिक्षावाला बघत होता.

आणि लगेच, "ऑटो सायकलचा पी-व्ही डायग्राम काढा." म्हणजे पेट्रोल इंजिनाचा दाब-आकारमानाचा आलेख. वेल्ड शॉपला! माझा इंजिनशी संबंध इतकाच की माझ्या स्प्लेंडरला एक आहे.

आता विषय निघालाच आहे तर. मागच्या वर्षी एका ठिकाणी "छोटीशी केस स्टडी" मागितली, रिजेक्शन कसं कमी कराल. दोन रात्री जागून बावीस स्लाइड केल्या. पीपीटी मेलवर मागून घेतली आणि महिन्याने कळलं, पोझिशन होल्डवर. पोझिशन होल्डवर, पीपीटी त्यांच्याकडे. एकाला "इमिजिएट जॉइनर" हवा होता, आणि त्यांच्या स्वतःच्या ऑफर लेटरमध्ये नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा. सीटीसीत बस आणि कँटीन धरणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही. आणि ती एचआर, "गाड्यांची पॅशन आहे का?" ताई, पॅशन असती तर ईएमआय नसता का? पॅशन म्हणणारी माणसं माझ्या डोक्यातच जातात. "आम्ही इथे फॅमिलीसारखे आहोत" म्हणणारी त्याहून.

हे सगळं रात्री बायकोला सांगत होतो. तिने भाजी परतत शांतपणे विचारलं, "तू नाही का त्या डिप्लोमाच्या पोराला रडवलं होतंस?"

रडवलं वगैरे नव्हतं. आमच्याकडे ट्रेनी घेत होते, मला ऐनवेळी पॅनलवर बसवलं, प्रश्न सुचेना, म्हणून आयर्न-कार्बन डायग्राम विचारला, कोणत्या तापमानाला पोलादाची आतली रचना कशी बदलते त्याचा तक्ता. त्यातलं एक ठरावीक तापमान, युटेक्टॉइड टेंपरेचर, किती? पोरगं म्हणालं 723 अंश. मी भुवया वर करून म्हणालो, "727." जुन्या पुस्तकांत 723च छापलेलं असतं, माझ्या पुस्तकातही तेच होतं. आणि त्या पोराला करायचं काय होतं? इनवर्ड स्टोअरला आलेला माल मोजायला व्हर्नियर धरायचा होता. बिस्किट मात्र मी खात नव्हतो. वडापाव होता.

सोमवारी एचआरचा फोन आला. टेक्निकल पॉझिटिव्ह आहे म्हणे, फक्त प्लँट हेडसोबत एक राउंड राहिलाय. येत्या शनिवारी, साडेनऊ.

"हो मॅडम, चालेल," माझ्याच तोंडून गेलं.

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्या स्टिकरचा डिंक अजून आहे, सगळे फोटो धुक्यात काढल्यासारखे येतात. रॉकेल लावून पुसणार होतो. आता राहू दे, शनिवारी परत चिकटवतीलच.