सूर्याचे कण थेट आदळत नाहीत
ध्रुवीय प्रकाशावरचा तुमचा लेख छान, पण ‘सूर्याचे कण थेट वातावरणावर आदळतात आणि ध्रुवीय प्रकाश दिसतो’ हे वाक्य खटकलं. झळाळते पट्टे उमटवणाऱ्या इलेक्ट्रॉनांना खरा वेग मिळतो तो पृथ्वीच्या चुंबकावरणात (म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अंमल असलेल्या अवकाशात), काही हजार किलोमीटर उंचीवर. तिथली विद्युतक्षेत्रं आणि आल्फवेन लहरी (विद्युतभारित वायूत चुंबकीय रेषांवरून धावणाऱ्या लहरी) त्यांना खाली ढकलतात. (स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ हान्स आल्फवेन यांनी या लहरींचं भाकीत १९४२ मध्येच केलं होतं, नोबेल १९७० मध्ये!) त्याच भागातून साधारण ५० ते ५०० किलोहर्ट्झच्या रेडिओलहरीही निघतात, जोर कधीकधी अब्ज वॅटपर्यंत. आमच्या भुसावळला जुन्या रेडिओचा मिडियम वेव्हचा काटा पार खाली नेला तरी त्या लागायच्या नाहीत; आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, त्यांना वरच्या वर परतवतं. उपग्रह गेले तेव्हा कुठे सापडल्या. यावर वेगळा लेख येऊ द्या ना भाऊ.